दिवस भरताना

मराठी भाषेने गर्भारपणाचा सारा हिशेब दिवसांच्या स्वाधीन केला आहे. स्त्री गरोदर राहिली की तिला ‘दिवस गेले’ असे म्हणतात. प्रसूती जवळ आली की तिचे ‘दिवस भरत’ येतात. मूल जन्मले की ती ‘सुटते’, ‘मोकळी होते’. गेलेले दिवस वाया जात नाहीत, ते कुठेतरी साठत राहतात आणि साठता साठता एके दिवशी भांडे काठोकाठ भरते, अशी समजूत या शब्दप्रयोगांच्या मुळाशी असावी. एखाद्याचा अंत जवळ आला की त्याचेही दिवस भरले असेच म्हणतात. जन्म आणि मरण या दोन्ही दारांवर लोकभाषेने एकच पाटी लावून ठेवली आहे. आणि ज्या काळात दर बाळंतपण म्हणजे बाईचे एक मरण टळणे असे, त्या काळात ती पाटी चुकीची नव्हती.

या भाषेतली प्रतीक्षा बहुधा येण्याची असते. विराणीतली विरहिणी त्याच्या येण्याची वाट पाहते, जात्यावर दळणारी सासुरवाशीण मुळाळी म्हणून येणाऱ्या भावाची, आणि दिवस भरलेली स्त्री कळांची. जुळ्यांच्या गर्भारपणातले शेवटचे आठवडे या रीतीत बसत नाहीत. तिथे स्त्री न येण्याची वाट पाहते. आजचा दिवस काहीही न घडता मावळला तर तो कमावला असे समजायचे आणि उद्याच्या दिवसाकडे तेवढेच मागायचे. एकेरी गर्भाला मिळणारे ४० आठवडे जुळ्यांच्या वाट्याला क्वचितच येतात. गर्भाशय वेळेआधी ताणले जाते, आणि निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे पुरे होण्याआधीच जन्मतात. भांडे भरण्याआधी कलंडू नये, एवढीच त्या दिवसांतली प्रार्थना असते.

बेंगळूरुच्या मल्लेश्वरम भागात राहणाऱ्या बेळगावच्या एका मुलीने अलीकडे ही उलटी प्रतीक्षा केली. ती पहिलटकरीण होती. पहिले बाळंतपण माहेरी, हा या समाजातल्या थोड्या अलिखित कायद्यांपैकी एक. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलीने माहेरी जायचे आणि नातवंडाला सव्वा महिना झाला की परतायचे, अशी तिच्या आईने मनाशी आखणी केली होती. पण सोनोग्राफीच्या पडद्यावर एकाऐवजी दोन ठोके दिसले आणि आखणी मोडली. दिवस चढत गेले तसा डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केला. मुलगी माहेरी जाऊ शकत नाही, म्हटल्यावर माहेरानेच निघायचे ठरवले. आईने तूप, डिंक, अळीव, जुन्या सुती लुगड्यांची दुपटी आणि भिंतीवरचे कालनिर्णय एवढे बांधले आणि राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने ती एका सकाळी बेंगळूरुला उतरली.

ही गाडी रात्री धारवाड आणि हुबळी ही दोन शहरे ओलांडून येते. कन्नडमध्ये या दोन शहरांना मिळून ‘अवळी नगर’ म्हणतात, म्हणजे जुळी शहरे. कन्नडमध्ये जुळ्या मुलांना ‘अवळी-जवळी’ म्हणतात, आणि मराठीत ‘आवळी-जावळी’. मराठीतल्या ‘जावळी’च्या आणि कन्नडमधल्या ‘जवळी’च्या मुळाशी संस्कृत ‘यमल’ हा शब्द आहे. त्याच्याच घराण्यातला ‘यम’ हाही मुळात जुळ्याचा वाचक. वेदातले यम आणि यमी ही जुळी भावंडे. काव्यशास्त्रातले ‘यमक’ही तिथूनच आले आहे. एकाच नादाची दोन अक्षरे दोन ठिकाणी जन्मतात, म्हणून ते यमक. एकमेकींशी सीमेवरून भांडणाऱ्या दोन भाषांनी जुळ्यांसाठी मात्र एकच शब्द वाटून घेतला आहे.

मल्लेश्वरमला मराठी कान नवा नाही. ज्या काडु मल्लेश्वराच्या देवळावरून या वस्तीला नाव मिळाले, तिथल्या १६६९ सालच्या शिलालेखात शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी दिलेल्या दानाची नोंद आहे. शहाजीराजांकडे बेंगळूरुची जहागीर १६३८ नंतर आली, आणि त्या काळापासून इथे स्थिरावलेल्या मराठी घरांत आजही एक जुनी, कन्नडच्या ओलीने मऊ झालेली मराठी बोलली जाते. त्या मुलीच्या शेजारी राहणाऱ्या, जुन्या पेठेतल्या शिंपी समाजाच्या एक आजी अशीच मराठी बोलत. पोटाचा घेर पाहून त्यांनी सोनोग्राफीच्या आधीच ‘अवळी-जवळी हैत’ म्हणून सांगितले होते. बेळगावच्या आईचे आणि त्यांचे पहिल्या दिवसापासून जमले. माहेरासारखी दुसरी जागा नसते हे खरे असले, तरी भाषा ओळखीची असली की परक्या गावातही माहेराचा एक कोपरा सापडतो.

दोघींनी मिळून एक गोष्ट कटाक्षाने टाळली, ती म्हणजे केळ्यांची आठवण. जुळे केळे खाल्ले तर जुळी होतात, हा समज महाराष्ट्रात आहे तसा कर्नाटकातही आहे. लहानपणी या मुलीने असे केळे हट्टाने खाल्ल्याचे आईला आठवत होते, पण ती बोलली नाही. जुळ्यांकडे पाहण्याची लोकमानसाची नजर नेहमीच अशी अर्धी कौतुकाची, अर्धी संशयाची राहिली आहे. महाभारतात माद्रीने एका आवाहनात अश्विनीकुमारांकडून नकुल-सहदेव मिळवले, तेव्हा आपण फसवले गेलो असे कुंतीला वाटले. एका हाकेला दोन मुले, हा तिला अन्याय वाटला आणि पुढे मंत्र द्यायचे तिने नाकारले. कुश आणि लव यांच्या बाबतीत तर कल्पनाशक्तीने निराळीच वाट धरली. वाल्मीकीच्या उत्तरकांडात सीतेला एकाच रात्री दोन पुत्र होतात; पण ‘कथासरित्सागरा’त आणि लोककथांत ती एकालाच जन्म देते आणि दुसरा ऋषीने कुशाच्या गवतापासून घडवलेला असतो. वनात, माहेर तुटलेल्या एकट्या स्त्रीने दोघांना जन्म द्यावा, हे कदाचित सांगणाऱ्यांना सोसले नसावे. जात्यावरच्या ओव्यांमध्ये बायकांनी सीतेचे बाळंतपण पुन्हा पुन्हा गायिले. तिथे त्यांचे दुःख एकच आहे, की तिच्याजवळ त्या वेळी कोणी नव्हते.

या मुलीजवळ सगळे होते. तरीही शरीराचे एकटेपण कोणी वाटून घेऊ शकत नव्हते. तिसाव्या आठवड्यानंतर तिला उताणे निजता येईना. उताणे झाले की पोटाचा भार पाठीमागच्या रक्तवाहिन्यांवर पडून डोळ्यांपुढे अंधारी येई. डाव्या कुशीवर, गुडघ्यांत एक आणि पोटाखाली एक उशी घेऊन ती रात्र काढू लागली. जेवण चार घासांवर आले, कारण जठराला जागा उरली नव्हती. जिना चढताना लागावी तशी धाप बसल्या जागी लागे. पायांवर बोट दाबले तर खळगा राही, म्हणून दर आठवड्याला रक्तदाब मोजला जाई. आत मात्र दोन स्वतंत्र बिऱ्हाडे होती. एक पाळ खाली, डोके ओटीपोटात रोवून बसलेले. दुसरे वर, बरगड्यांखाली आडवे पसरलेले. दोघांच्या वारा वेगळ्या होत्या, पाणमोटी वेगळ्या होत्या आणि झोपेच्या वेळाही वेगळ्या होत्या. खालचे निजले की वरचे जागे होई.

त्यांना नावे नव्हती. मुलगा की मुलगी हे सांगण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे आणि तशी पाटी सोनोग्राफीच्या प्रत्येक खोलीबाहेर लावलेली असते. त्यामुळे त्या घरात त्यांचा उल्लेख ‘खालचे’ आणि ‘वरचे’ असाच होत राहिला. मराठीच्या नपुंसकलिंगाचा इतका सार्थ उपयोग क्वचितच झाला असेल. ‘बाळ’ या शब्दाला कन्येची हुरहूर नाही आणि पुत्राची हाव नाही. ते फक्त असते. ‘आज वरचे फार उठले होते,’ असे आई सांगे आणि बेळगावला फोनवर तेच पुन्हा सांगितले जाई.

घरात मोजण्याच्या दोन पद्धती नांदत होत्या. मुलगी आठवडे मोजत होती, आई तिथी. कालनिर्णयावर आईने रोज पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढायला सुरुवात केली. तिच्या मनात एक भीती होती, जी तिने शेवटपर्यंत उच्चारली नाही. सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, असे ती लहानपणापासून ऐकत आली होती. हा केवळ बायकांचा समज नव्हे. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, ते कधी मातेकडून गर्भाकडे आणि कधी गर्भाकडून मातेकडे जाते, म्हणून त्या महिन्यातला जन्म धोक्याचा, असे आयुर्वेदाच्या संहिता सांगतात. प्राचीन ग्रीक वैद्यकात तर आठव्या महिन्यात जन्मणाऱ्या मुलावर हिपोक्रेटिसच्या परंपरेतला एक स्वतंत्र ग्रंथच आहे. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन संस्कृतींनी एकाच महिन्याचे भय बाळगावे, हे विलक्षण आहे. प्रत्यक्षात आठव्यातले मूल सातव्यातल्यापेक्षा अधिक तगते. आईच्या पोटातला प्रत्येक जादा दिवस त्याच्या फुप्फुसांना बळ देतो. पण परंपरेने दिलेली भीती आकड्यांनी जात नाही. ती ओलांडावी लागते.

बत्तिसाव्या आठवड्यात एकदा पोट दगडासारखे घट्ट होऊ लागले. त्या कळा खऱ्या नव्हत्या, पण डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस ठेवून घेतले आणि बारा बारा तासांनी स्टेरॉइडची चार इंजेक्शने दिली. अपुऱ्या दिवसांच्या मुलाची फुप्फुसे जन्माआधीच पिकवणारा हा उपाय न्यूझीलंडमधले लिगिन्स आणि हाउवी यांनी १९७२ साली जगापुढे मांडला. सुयांनी मुलीचा दंड सुजला. आईने तो गरम फडक्याने शेकला आणि त्या रात्री कालनिर्णयावर दोन रेघा एकदम ओढल्या.

या दोन मोजण्यांमधली दरी फार जुनी आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, आणि वैद्यकाची मदत असती तर ते वाचले असते या जाणिवेने त्या अमेरिकेला गेल्या. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता प्राचीन आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. परदेशी विद्या शिकत असताना त्यांनी घरच्या ग्रंथांकडे पाठ फिरवली नाही, हे त्यांच्या मोठेपणाचे एक लक्षण. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. बेंगळूरुला स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी मोठे सरकारी रुग्णालय मिळायला १९३५ साल उजाडले. म्हैसूरच्या राजमाता वाणीविलास यांचे नाव त्याला दिले गेले. आजही जुन्या पेठेतल्या आजींसारख्या बायका आपल्या लेकरांचे जन्मस्थान विचारले की ‘वाणीविलास’ एवढेच सांगतात.

चौतिसावा आठवडा पुरा झाला त्या दिवशी दुपारी आईने बोटांच्या पेरांवर हिशेब केला. पाळीच्या तिथीपासून मोजले तर चांद्रमासाने आठ महिने २३६ दिवसांत पुरे होतात. ते होऊन गेले होते. इंग्रजी महिन्यांनी अजून आठवडाभर उरत होता. पण पोटातल्या बाळाला इंग्रजी महिने काय कळतात? ‘आठवा सरला गं,’ आई म्हणाली. मुलीला त्या वाक्यामागचे ओझे कळले नाही. ‘चौतीस झाले, आई,’ ती म्हणाली. दोघी एकच गोष्ट बोलत होत्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजता पाणमोट फुटली.

प्रसूतीची सुरुवात गोष्टींत असते तशी किंकाळीने होत नाही. अंथरूण ओले झाले, ती उठून बसली आणि काही क्षण तिला वाटले, की आपलेच काही चुकले. मग कमरेतून एक हलकी लाट उठून ओटीपोटाकडे आली आणि ओसरली. आईने दिवा लावला, पाण्याचा रंग पाहिला आणि ते स्वच्छ आहे हे पाहून हात जोडले. जावई गाडीची किल्ली शोधत असताना तिने मुलीच्या केसांची वेणी सोडली. बाळंतिणीच्या अंगावर गाठ राहू नये, ही तिच्या आईची शिकवण. शेजारच्या आजींना हाक मारावी लागली नाही. त्या दारातच उभ्या होत्या. संपिगे रस्त्यावर त्या वेळी वर्दळ नव्हती. संपिगे म्हणजे चाफा. दिवसा वाहनांनी तुंबलेला तो रस्ता चार मिनिटांत मागे पडला, आणि तेवढ्यात दोन कळा येऊन गेल्या.

रुग्णालयात पोटावर दोन पट्टे बांधले गेले. यंत्रातून दोन ठोके एकाच वेळी ऐकू येऊ लागले. एक जरा पुढे, एक जरा मागे, जसे अंधारात दोन घोडे एकाच वाटेने दौडत यावेत. पूर्वी दोन माणसांनी पोटावर दोन ठिकाणी कान लावून एकाच वेळी ठोके मोजावेत आणि दोन्ही आकड्यांत दहाचा फरक आला तर जुळी समजावीत, अशी रीत होती. कळा सुरुवातीला वीस मिनिटांनी येत होत्या, मग बारा, मग पुन्हा पंधरा. पहिलटकरणीच्या कळा अशाच अडखळत येतात. मधल्या मोकळ्या वेळात ती आईशी बेळगावच्या घरामागच्या फणसाबद्दल बोलली आणि एकदा हसलीही.

प्रश्न वरच्याचा होता. खालचे डोक्याने येत होते, वरचे आडवे होते. पोट फाडून दोघांना एकदम काढावे काय? डॉक्टरीणबाईंनी आईला कन्नडमध्ये समजावले. खालचे डोक्याने येत असेल तर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येतो. २,८०४ स्त्रियांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ठरवून शस्त्रक्रिया केल्याने अशा जुळ्यांचे अधिक भले झाल्याचे दिसले नव्हते. मात्र हात अनुभवी हवेत, शस्त्रक्रियेची खोली तयार हवी आणि धीर हवा. आईने एकच विचारले, ‘रक्त फार जाईल का?’ ताणलेले गर्भाशय बाळंतपणानंतर आवळायला आळस करते, म्हणून जुळ्यांच्या आईला रक्तस्रावाचे भय अधिक असते. याबाबतीत तिचे गाव मागे नव्हते. बेळगाव जिल्ह्यातल्याच खेड्यांत १,६२० बायकांवर झालेल्या चाचणीने दाखवून दिले होते, की परिचारिकेने तोंडावाटे दिलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर येते. २००६ साली ते निष्कर्ष जगभर वाचले गेले. आईला यातले काही ठाऊक नव्हते. माहेर आपल्या लेकीपाठोपाठ किती रूपांनी येते, हे माहेरालाही ठाऊक नसते.

खालचे दुपारी दोनच्या सुमारास आले. रडले. बाहेर आईने विचारले, ‘सुटली?’ परिचारिका म्हणाली, ‘अजून नाही.’ मराठीत ‘सुटणे’ हे एकदाच घडते. सुटली आणि सुटली नाही यांच्या मधल्या अवस्थेला भाषेने शब्द दिलेला नाही. एक मूल जगात आले आहे, त्याची नाळ कापली आहे, आणि त्याची आई अजून गर्भारच आहे. आत डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवून वरच्याला हळूहळू सरळ केले. त्याचा ठोका मंदावला, पुन्हा वर आला, पुन्हा मंदावला. खोलीतले सगळे त्या एका आवाजाकडे कान लावून उभे होते. आठवडेच्या आठवडे ज्याने येऊ नये म्हणून वाट पाहिली, त्याने आता लगेच यावे यासाठी प्रत्येक जण थांबला होता. अठरा मिनिटांनी वरचे पायांकडून आले. ते आधी रडले नाही. मग रडले.

२,०५० ग्रॅमची मुलगी आणि १,७८० ग्रॅमचा मुलगा. मुलगी तिसऱ्या दिवशी आईजवळ आली. मुलाला नळीने दूध द्यावे लागत होते आणि अंगात ऊब टिकत नव्हती. कपड्याविना छातीशी धरून अशा मुलाला ऊब देण्याची पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली, काचपेट्या अपुऱ्या पडल्या तेव्हा सुरू झाली. आता ती सर्वत्र शिकवतात. ती आईच देऊ शकते असे नाही. बाप देऊ शकतो, आजी देऊ शकते. मुलीच्या छातीशी लेक होती. नातवाला आजीने घेतले, चोळीची बटणे सोडून, जुन्या लुगड्याच्या दुपट्याखाली. असे ती रोज सहा सहा तास बसून राही. खिडकीतून दिसणाऱ्या शहरातले तिच्या ओळखीचे एकही घर नव्हते.

सहावी रात्र सटवाईची. त्या रात्री ती येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी मांडतात. आजी रुग्णालयातून उठू शकत नव्हती. शेजारच्या आजींनी मल्लेश्वरमच्या घरात पाट मांडला, हळदकुंकू वाहिले आणि दोन कागद ठेवले. लेखणी एकच सापडली, तीही जावयाच्या खिशातली.